फटफटीची नाडीपरीक्षा

मोटारसायकलचे बारसे मराठी माणसाने तिच्या आवाजावरून केले आणि नाव ठेवले फटफटी. कारखानदारांनी पुढे तिला कितीही भारदस्त नावे दिली, तरी या घरगुती नावाची गोडी कशालाच नाही. शिवाय नाव ठेवणाऱ्याने नकळत एक शास्त्रीय सत्यही सांगून ठेवले आहे. या यंत्राचे आरोग्य त्याच्या आवाजात असते. ‘फट फट फट’ हा ठेका तबल्यासारखा बिनचूक चालू असेल तोवर आत सारे क्षेम आहे. तोच ठेका मध्येच एखादी मात्रा खाऊ लागला, धापा टाकू लागला, की आत कोणीतरी आजारी आहे असे खुशाल समजावे.

दसऱ्याला आपण या वाहनाला न्हाऊ घालतो, झेंडूची माळ घालतो, हळदकुंकू वाहतो, चाकापुढे नारळ फोडतो. ती माळ सुकली की पुढच्या दसऱ्यापर्यंत तिची विचारपूस संपली! मग एखाद्या सकाळी शाळेची वेळ झालेली, मुलगी दप्तर घेऊन मागे बसलेली, आणि गाडी गचके देऊ लागते. ‘चालते आहे ना? मग पाहू पुढल्या महिन्यात,’ असे म्हणून आपण पिळतो तिचा कान आणि निघतो.

हे ‘पाहू’ फार महाग पडू शकते. पुण्याहून साताऱ्याला जाणारे एखादे जोडपे खंबाटकीच्या चढणीवर मालट्रकला ओलांडू पाहत आहे असे डोळ्यांपुढे आणा. ट्रकच्या बरोबरीला आल्यावर मूठ पिळावी आणि इंजिनाने नेमका तेव्हाच श्वास कोंडावा! मागून येणाऱ्या वाहनाला त्याची काय कल्पना? अडखळणारे इंजिन ही पैशांची बाब आहेच, पण त्याआधी ती जिवाची बाब आहे.

सुदैवाने या दुखण्यांपैकी पुष्कळशी साधी असतात. घरातला कोणीही समंजस माणूस, मग तो बाप असो, मुलगा असो की मुलगी, ती दारातल्या दारात ओळखू शकतो आणि त्यांतली काही बरीही करू शकतो. मात्र एक पथ्य पाळले पाहिजे. आधी निदान, मग औषध. पाना हाती येण्याआधी कान आणि डोके कामाला लागले पाहिजे.

इंजिनाच्या तीन गरजा

निकोलस ऑटो या जर्मन संशोधकाने १८७६ साली चार धावांचे इंजिन चालवून दाखवले. आपल्या दारातल्या बहुतेक गाड्यांचे इंजिन आजही त्याच तालावर चालते. नळकांड्यात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वरखाली धावतो. पहिल्या धावेत पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आत ओढले जाते, दुसरीत ते दाबले जाते, तिसरीत ठिणगी पडून ते पेटते आणि दट्ट्याला ढकलते, चौथीत धूर बाहेर जातो. चार धावांना दोन फेरे लागतात. म्हणजे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर मिश्रण मिनिटाला १५०० वेळा, अर्थात सेकंदाला २५ वेळा पेटावे लागते. त्यातली दोनतीन पेटणी हुकली तरी आपल्याला गचका जाणवतो. असे काम दिवसचे दिवस बिनतक्रार करणाऱ्या यंत्राबद्दल खरे तर आदरच वाटावा.

या साऱ्या व्यवहाराच्या गरजा तीनच आहेत. प्रमाणशीर मिश्रण, पुरेसा दाब आणि वेळेवर पडणारी जोरकस ठिणगी. मिश्रणाचे प्रमाण कसे, तर वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा. हे आकारमानात सांगितले तर वाचक चकित होतील. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे ९००० लिटर हवा लागते! आपण टाकीत पेट्रोल भरतो म्हणून गाडी पेट्रोलवर चालते असे म्हणतो. खरे पाहता ती मुख्यतः हवेवरच जगते. म्हणून हवेची वाट चोंदली की पेट्रोल जास्त झाले, आणि पेट्रोलची वाट चोंदली की हवा जास्त झाली, हे सूत्र ध्यानात ठेवावे. अडखळणाऱ्या गाडीचे कोणतेही दुखणे शेवटी या तीन गरजांपैकी एकीपाशी येऊन थांबते.

आधी रोग्याची विचारपूस

चांगला वैद्य नाडीला हात लावण्याआधी विचारतो, ‘ताप केव्हा येतो? जेवणाआधी की नंतर? थंडी वाजून येतो का?’ फटफटीलाही हेच विचारावे. ती केव्हा अडखळते, हा एकच प्रश्न अर्धे निदान करून देतो.

उभ्या जागी, मूठ सोडलेली असताना गाडी थरथरून बंद पडते, पण वेगात मात्र छान पळते, असे असेल तर कार्बोरेटरमधील बारीक भोकाचा स्लो जेट चोंदला असण्याचा संभव मोठा. कोठून तरी चोरटी हवा आत शिरत असेल किंवा झडपा घट्ट बसल्या असतील, तरी असेच होते. याच्या उलट, उभ्या जागी गाडी शांत आहे, पण वेग वाढवताच दम तोडते, तर पेट्रोल पुरेसे पोहोचत नाही, हवेची जाळी मळली आहे किंवा ठिणगी दुबळी आहे असे धरावे. वेगात इंजिनाची भूक वाढते. अर्धपोटी माणूस सावलीत बसला असता ठीक दिसतो, ओझे उचलायला सांगितले की भोवळ येते, त्यातलाच हा प्रकार.

गाडी थंड असताना ठीक, आणि तापली की बंद पडते, अर्धा तास विसावली की पुन्हा सुरू होते, हे लक्षण बहुधा विजेच्या कॉइलचे किंवा ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीचे असते. फक्त पावसात किंवा गाडी धुतल्यावर अडखळते, तर प्लगच्या टोपीत ओल शिरली आहे. मूठ सोडून उतार उतरताना सायलेन्सरमधून फटाके वाजतात, तर मिश्रणात हवा जास्त आहे किंवा सायलेन्सरचा सांधा फुटला आहे.

धुराचा रंगही पाहावा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. निळसर धूर म्हणजे इंजिनातले ऑईल जळते आहे. थंडीच्या दिवसांत सकाळी सायलेन्सरमधून निघणारी पांढरी वाफ पाहून मात्र कोणी घाबरू नये. एक लिटर पेट्रोल जळाले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते, आणि गार नळीत त्याचीच वाफ आपल्याला दिसते.

हत्यारे आणि पथ्ये

सामान फार लागत नाही. प्लगचा पाना, दोन स्क्रूड्रायव्हर, पक्कड, जुना दात घासायचा ब्रश, स्वच्छ सुती फडके आणि प्लगमधील फट मोजायला पातळ पात्यांचे फिलर गेज. शिवाय गाडीबरोबर मिळालेली माहितीपुस्तिका. ही पुस्तिका बहुतेक घरांत विम्याच्या कागदांखाली न उघडलेल्या स्थितीत सापडते! प्रत्येक गाडीची मापे तीत दिलेली असतात, आणि ती शेजाऱ्याच्या सल्ल्यापेक्षा केव्हाही विश्वासार्ह.

आता पथ्ये. दिवाळीच्या दिवसांत ही अधिकच कसोशीने पाळावीत. पेट्रोलची वाफ शून्याखालच्या थंडीतही पेट घेते, आणि ती हवेहून जड असल्यामुळे जमिनीलगत दूरवर सरपटत जाते. अंगणात पणत्या लावलेल्या असताना, मुले फुलबाज्या उडवीत असताना, किंवा देवघरात समई तेवत असताना गॅलरीत कार्बोरेटर उघडणे म्हणजे संकटाला आमंत्रण. हे काम दिवसाउजेडी, उघड्यावर, विस्तव आणि विडीकाडी यांच्यापासून लांब करावे.

दुसरे, बंद खोलीत किंवा दार लोटलेल्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी त्याला घट्ट धरते आणि माणूस झोपेत गेल्यासारखा जातो. तिसरे, पाना लावण्याआधी इंजिन निवू द्यावे. तापलेल्या अॅल्युमिनियमचे आटे नाजूक असतात आणि आपले हात त्याहून!

फुकटाच्या तपासण्या

ज्यांना पैसा लागत नाही अशा तपासण्या सर्वांत आधी. टाकीत पेट्रोल आहे ना, कॉक उघडा आहे ना, चोक ओढलेला तर राहिला नाही ना, हे पाहावे. यात हसण्यासारखे काही नाही. थंडीच्या सकाळी ओढलेला चोक परत ढकलायचा राहून गेला, की दिवसभर गाडी काळा धूर ओकते आणि पेट्रोल पिते.

यानंतर टाकीचे झाकण. त्यात हवा आत येण्यासाठी एक बारीक छिद्र असते. धुळीने किंवा पॉलिशच्या लगद्याने ते बुजले की काय होते पाहा. समजा, एक गृहस्थ रोज बारा किलोमीटरवरच्या कचेरीत जातात. पहिले सातआठ किलोमीटर गाडी मजेत धावते, मग हळूहळू दम तोडून बंद पडते. दहा मिनिटे थांबले की सुरू होते, पुन्हा थोड्या अंतराने बंद. एकाने सांगितले प्लग, त्यांनी प्लग बदलला. दुसऱ्याने सांगितले कॉइल, तीही बदलली. तिसऱ्याने कार्बोरेटर उघडला. रोग तसाच! टाकीतले पेट्रोल उतरत जाते, पण त्याच्या जागी हवा येऊ शकत नाही. आत पोकळी निर्माण होते आणि पेट्रोल खाली येईनासे होते. गाडी बंद पडताच टाकीचे झाकण उघडावे. ‘फुस्स’ असा आवाज येऊन गाडी लगेच सुरू झाली, तर रोग सापडला. झाकण उघडूनही ती सुरू होत नाही आणि इंजिन निवल्यावरच होते, तर मग कॉइलकडे बोट दाखवावे. दोन्ही दुखणी बाहेरून सारखी दिसतात, पण एका झाकणाने त्यांची फारकत होते. निदान म्हणतात ते हेच.

मग हवेची जाळी. आपल्याकडच्या धुळीत ती लवकर मळते. स्पंजाची जाळी असेल तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे धुऊन, वाळवून, तेल लावून बसवावी. कागदी जाळी धुऊ नये. काही कागदी जाळ्या तेल लावलेल्याच येतात; त्या झटकायच्याही नाहीत, बदलायच्या.

अखेर प्लगची टोपी आणि तिची जाड तार. टोपी ओढून, आतून कोरडी पुसून पुन्हा घट्ट बसवावी. तार जीर्ण झाली असल्याची शंका असेल, तर रात्री अंधारात गाडी सुरू करून लांबूनच पाहावे. तारेवरून इंजिनाकडे निळसर ठिणग्या उडताना दिसल्या, तर वीज प्लगपर्यंत पोहोचण्याआधीच गळते आहे. तिला हात लावून मात्र खात्री करू नये!

प्लगची साक्ष

प्लग हा इंजिनातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सत्यवचनी साक्षीदार. पण साक्ष घेण्याचीही रीत असते. दारात पाच मिनिटे स्लोवर ठेवलेल्या गाडीचा प्लग काळाच दिसायचा. गाडी एका वेगाने काही किलोमीटर चालवावी, मोकळ्या जागी बाजूला घेऊन बंद करावी, निवू द्यावी आणि मग प्लग काढावा. काढण्याआधी भोवतालची माती ब्रशने झाडावी, नाहीतर ती थेट नळकांड्यात जाते.

प्लगचे टोक फिकट बिस्किटी रंगाचे असेल तर मिश्रण ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, म्हणजे चोक किंवा जाळी पुन्हा पाहावी. तेलकट काळे असेल तर ऑईल वर चढते आहे, आणि ते काम मिस्त्रीचे. पांढरेफटक, भाजल्यासारखे असेल तर हवा जास्त आहे किंवा इंजिन फार तापते आहे. ही खूण दुर्लक्षू नये, कारण त्यापायी दट्ट्याला भोक पडू शकते. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, तेव्हापासून हे रंग पूर्वीपेक्षा फिके दिसतात, एवढे ध्यानात ठेवावे.

टोकांमधील फट पुस्तिकेप्रमाणे असावी. लहान गाड्यांत ती साधारण ०.६ ते ०.८ मिलिमीटर असते. प्लग परत बसवताना आधी बोटांनीच पुरता फिरवावा. तो अडला तर आटे वाकडे लागले आहेत, काढून पुन्हा लावावा. पान्याने नवा प्लग सुमारे अर्धा फेरा आणि जुना त्याहून पुष्कळच कमी आवळावा. जोर दाखवण्याची ही जागा नव्हे.

कित्येक जण प्लग बाहेर काढून किक मारतात आणि ठिणगी दिसली की प्लगला निर्दोष ठरवतात. यात दोन घोटाळे आहेत. प्लग इंजिनाच्या धातूला नीट टेकलेला नसेल तर इलेक्ट्रॉनिक डबी बिघडू शकते, आणि जवळपास पेट्रोलची वाफ असेल तर भडका उडतो. शिवाय मोकळ्या हवेत पडणारी ठिणगी दाबलेल्या मिश्रणात पडेलच असे नाही. तेथे उडी मारायला विजेला पुष्कळ जास्त जोर लागतो. म्हणून शंका आली तर योग्य क्रमांकाचा नवा प्लग लावून पाहणे हीच सोपी आणि निर्धोक परीक्षा.

जुन्या बुलेट किंवा जावा गाड्या ज्यांनी प्रेमाने सांभाळल्या आहेत, त्यांनी ठिणगी तोडणारे पॉइंटही पाहावेत. १९५५ च्या सुमारास मद्रासला बुलेट आणि १९६१ पासून म्हैसूरला जावा तयार होऊ लागली, त्या काळच्या गाड्यांत ठिणगीचा क्षण हे पॉइंटच ठरवीत. त्यांवर खड्डे पडले, फट चुकली, की ठेका चुकलाच. बुलेटला ही फट सुमारे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असते. जावासारख्या दोन धावांच्या गाड्या पेट्रोलबरोबर ऑईलही जाळतात. त्यामुळे सायलेन्सरमध्ये कोळसा साचून गाडीचा श्वास कोंडला आहे का, हेही पाहावे लागते.

कार्बोरेटरच्या पोटात

येथवर रोग सापडला नाही तर मग कार्बोरेटर. ‘कचरा आला आहे’ हे मिस्त्रीचे नेहमीचे वाक्य पुष्कळदा खरेच असते. सुट्टीत आपण महिना-दीड महिना गावी जातो, गाडी उभी राहते. वाटीतले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट राळेसारखा थर उरतो. स्लो जेटचे भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही अरुंद. ते बुजायला कितीसा वेळ लागणार?

प्रथम कॉक बंद करून वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करावा आणि पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्यावे. तळाला वेगळा थर किंवा थेंब दिसले तर पाणी आहे, आणि मग टाकीही रिकामी करून साफ करायला हवी. पुष्कळदा एवढे पेट्रोल काढून टाकल्यानेच गाडी सुधारते. नाहीच सुधारली तर वाटी उघडून जेट काढावेत, कार्बोरेटर साफ करण्याच्या फवाऱ्याने धुवावेत आणि हवेच्या पंपाने फुंकावेत. त्यावेळी डोळ्यांना चष्मा असावा. जेटमध्ये टाचणी किंवा तार कदापि घालू नये. पितळ मऊ असते. भोक केसभर मोठे झाले की मिश्रणाचे प्रमाण कायमचे बिघडते.

मिश्रणाच्या स्क्रूला हात लावण्याआधी एक युक्ती करावी. तो हलकेच आत फिरवीत टेकेपर्यंत किती फेरे होतात ते मोजून भिंतीवर नव्हे, वहीत लिहून ठेवावे! म्हणजे काहीही बिनसले तरी मूळ पदावर परत येता येते. मग इंजिन चांगले तापवून, ज्या ठिकाणी ते सर्वांत सुरळीत आणि जलद फिरते तेथे हा स्क्रू ठेवावा आणि वेगाच्या स्क्रूने वेग खाली आणावा. शंभर सीसीच्या बहुतेक गाड्या मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या आसपास शांत राहतात.

कार्बोरेटर साफ असूनही स्लो स्थिर राहत नसेल, तर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला रबरी सांधा तपासावा. रबर भेगाळले की तेथून चोरटी हवा शिरते. गाडी स्लोवर ठेवून सांध्यावर साबणाच्या पाण्याचे थोडे थेंब टाकावेत. आवाज बदलला तर चोरवाट सापडली. या कामी पेट्रोल शिंपडणारेही आढळतात. त्यांचे अनुकरण करू नये.

मुकी झडप

इंजिनाच्या माथ्यावर दोन झडपा असतात, एक मिश्रण आत घेणारी, दुसरी धूर बाहेर सोडणारी. झडप आणि तिला ढकलणारी दांडी यांत केसाएवढी फट ठेवावी लागते. लहान गाड्यांत ती ०.०५ ते ०.१० मिलिमीटर असते. फट वाढली की ‘टिक टिक’ ऐकू येते आणि आपण घाईने गाडी मिस्त्रीकडे नेतो. फट कमी झाली तर मात्र गाडी उलट गप्प होते. आपण मनात म्हणतो, वा, किती गोड चालते! आणि आत झडप पुरती न मिटल्यामुळे दाब निसटत असतो, झडपेची कड जळत असते. घरातले बोलके माणूस परवडते, मनात कुढणारे जपावे लागते, तसेच हे.

याची ओळख अशी. ज्यांच्या गाडीला किक आहे त्यांनी इंजिन बंद ठेवून किक हळूच दाबावी. मध्येच पायाला भक्कम विरोध जाणवला पाहिजे. पाय लोण्यात गेल्यासारखा खाली गेला, तर दाब नाही. फट नीट करण्याचे काम इंजिन पूर्ण थंड असताना, दट्ट्या दाबाच्या धावेच्या माथ्यावर आणून करायचे असते. एकदा जाणकाराला करताना पाहिल्याशिवाय ते अंगावर घेऊ नये.

नव्या गाड्या, नवे पेट्रोल

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे प्रदूषणाचे नियम लागू झाले, आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याच्या जागी पेट्रोल मोजून फवारणारी यंत्रणा आली, आणि तिच्यावर एका छोट्या संगणकाची देखरेख. या गाड्यांतही प्लग, हवेची जाळी आणि झडपा तशाच असतात. त्यांच्या तपासण्याही त्याच. फक्त बॅटरीचे महत्त्व वाढले. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट असावा; तो फार उतरला असेल तर संगणकही गोंधळतो. इंजिनाच्या चित्राचा दिवा गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तो तेवतच राहिला तर यंत्रणेने आपले दुखणे आपणच टिपून ठेवले आहे. ते वाचायचे साधन कार्यशाळेत असते. पेट्रोलच्या नळ्या येथे दाबाखाली असतात, त्या घरी सोडू नयेत.

पेट्रोलही बदलले. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये बाजारात आले आणि २०२५ पर्यंत देशभर रूढ झाले. इथेनॉल ओल शोषते. ती प्रमाणाबाहेर गेली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला वेगळे होतात. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्यामुळे जुन्या कार्बोरेटरला तेच जेट थोडे अपुरे पडू शकतात, आणि जुन्या रबरी नळ्या फुगू किंवा कडक होऊ शकतात. म्हणून जुन्या गाडीच्या मालकाने नळ्यांवर नजर ठेवावी, आणि गाडी फार दिवस उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरची वाटी रिकामी करावी.

मिस्त्रीकडे जाताना

या साऱ्याचे सार एका वाक्यात सांगायचे तर, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्लग, जाळी आणि स्क्रू तिन्ही एकदम बदलले आणि गाडी सुधारली, तर रोग कोणता होता ते कळत नाही. बिघडली, तर दोष कोणाचा तेही कळत नाही. एक बदल, मग एक फेरी, मग वहीत एक ओळ. तारीख, किलोमीटर, लक्षण, केलेला उपाय, झालेला परिणाम. भाजीच्या हिशेबाच्या वहीची मागची चार पाने याला पुरतात.

दाब कमी असेल, निळा धूर येत असेल, आतून धातूवर धातू आपटल्यासारखा आवाज येत असेल, तर घरचे उपचार थांबवून मिस्त्री गाठावा. पण तेथेही रिकाम्या हाती जाऊ नये. ‘गाडी बरोबर चालत नाही, बघा जरा,’ असे सांगितले तर त्या बिचाऱ्यालाही अंधारातच चाचपडावे लागते, आणि त्याचे बिल आपण भरतो. त्याऐवजी, ‘थंड असताना ठीक आहे, दहा किलोमीटरनंतर अडखळते, टाकीचे झाकण उघडून पाहिले, फरक नाही, प्लग नवा घातला, फरक नाही,’ असे सांगून पाहावे. चांगला मिस्त्री असा गिऱ्हाईक पाहून खूष होतो, कारण त्याचे निम्मे काम झालेले असते.

घरातल्या मुलांना या कामात जरूर जवळ घ्यावे. प्लग कोणत्या रंगाचा आहे ते त्यांना पाहू द्यावे, वहीतली ओळ त्यांना लिहू द्यावी. अंदाजाने बोलणे आणि तपासून बोलणे यांतला फरक शाळेच्या पुस्तकापेक्षा येथे लवकर कळतो, आणि पुढे तो फटफटीपुरताच उपयोगी पडतो असे नाही.

यंदाच्या पाडव्याला, पणत्या लावण्याच्या आधी, उजेड आहे तोवर गाडी अंगणात घ्यावी, सुरू करावी, आणि दोन मिनिटे काही न करता नुसते ऐकावे. ठेका बिनचूक असेल तर आनंदच आहे, फराळाला बसावे. एखादी मात्रा चुकत असेल, तर ती केव्हा चुकते एवढे आज लिहून ठेवावे. पान्याचे काम भाऊबीज झाल्यावर!